रेषा का थरथरत नाही?

'शिफ्ट' हा मराठीच शब्द आहे, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं. फर्स्ट, सेकंड, नाइट आणि जनरल. बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत फ्रिजच्या दारावर शिफ्टचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. गणपतीच्या आरतीला बाबा असणार की नाही, हे त्यावर ठरायचं. बाबांची नाइट असली की दुपारी घरात सगळ्यांनी चवड्यांवर चालायचं. साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, खताचा कारखाना आला, १९६९ साली आयपीसीएलची स्थापना झाली, पुढे नंदेसरीची वसाहत वाढली, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातली कितीतरी माणसं कंपनीच्या बसने त्या दिशेला जाऊ लागली. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाला जा, चार निवृत्त 'प्लांटवाले' काका भेटतातच. पण ते तिथे नेमकं काय करायचे, असं त्यांच्या घरच्यांना विचारलं तर "कंट्रोल रूममध्ये असायचे" याच्यापुढे उत्तर सहसा जात नाही.

मलाही त्यापुढचं माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं, कोड लिहायची नोकरी धरली, आणि ते कोड निघालं कारखान्यांच्या कंट्रोल रूमसाठी. पडद्यावर टाक्या, पाइप, पंप काढायचे, त्यांच्याशेजारी आकडे दाखवायचे, आकडा मर्यादेबाहेर गेला की अलार्म वाजवायचा. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी ज्याच्याकडे बघत बसायचो, ते तू बनवणार." मला वाटलं, कौतुक आहे. त्यात थोडी काळजीही होती, हे नंतर कळलं.

कंट्रोल म्हणजे काय, हे समजायला आंघोळीची बादली सोडून शॉवरखाली उभं राहावं. गिझर एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला असेल तर उत्तम. पाणी गार लागतं म्हणून गरम नळ थोडा फिरवला, काही झालं नाही. आणखी फिरवला, तरी नाही. मग एकदम चटका. घाईने उलटा फिरवला, तर अर्ध्या मिनिटाने बर्फ. पाणी पाइपातून यायला जो वेळ लागतो, त्या वेळात आपण जास्तीचं करून बसतो. कारखान्यात यालाच 'हंटिंग' म्हणतात: तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर-खाली झोके घेत राहतं आणि वॉल्व्ह बिचारा उघडझाप करून थकतो.

मुरलेला माणूस असं करत नाही. तो तीन गोष्टी बघतो. आत्ता किती फरक आहे. किती वेळापासून फरक आहे. आणि फरक कोणत्या वेगाने वाढतो किंवा कमी होतो आहे. या तिन्ही गोष्टी गणितात मांडल्या की जगातल्या बहुतेक कारखान्यांत चालणारा पीआयडी कंट्रोलर तयार होतो. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ही, की हे गणित माणसाचे हात बघून सुचलेलं आहे. रशियात जन्मलेले निकोलस मिनोर्स्की अमेरिकी आरमारासाठी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूवर काम करत होते. कसलेला सुकाणूवाला नुसता दिशेतला फरक बघत नाही, जहाज किती वेगाने वळतं आहे आणि वारा किती वेळापासून एका बाजूला रेटतो आहे याचाही हिशेब हाताने ठेवतो, हे त्यांनी हेरलं आणि १९२२ साली ते समीकरणात मांडलं. पुढे १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स या दोघांनी कंट्रोलरचे आकडे बसवायची व्यवहारी रीत दिली. ती ऐकायला भीतिदायक आहे: कंट्रोलरचा जोर वाढवत न्या, लूप एकसारखा झोके घ्यायला लागला की तो जोर आणि झोक्याचा काळ टिपून ठेवा, आणि मग त्यावरून नेहमीचे आकडे काढा. चालत्या प्लांटमध्ये मुद्दाम झोके द्यायला कुठला शिफ्ट इनचार्ज तयार होतो ते मला बघायचंच आहे.

प्रत्येक लूपला नाव असतं. एफआयसी म्हणजे प्रवाहाचा, टीआयसी तापमानाचा, पीआयसी दाबाचा. आणि टाकीतल्या पातळीचा असतो एलआयसी. माझ्या पहिल्या आठवड्यात एक ऑपरेटर फोनवर ओरडत होते, "एलआयसी खाली जातेय, बघा कुणीतरी!" मला वाटलं, शेअर बाजार बघतायत.

बाबा नोकरीला लागले तेव्हा हे सगळं हवेवर चालायचं. ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा बारीक नळ्यांतून पॅनलपर्यंत यायची, त्यावर काटे हलायचे, गोल कागदावर शाईची रेघ उमटायची. कंट्रोल रूममध्ये सतत फुस्स-फुस्स आवाज. मग विजेचे संकेत आले, ४ ते २० मिलिअँपिअरचे. शून्यापासून का नाही सुरू करत, चारपासून का? तर वायर तुटली की शून्य येतं. टाकी खरंच रिकामी आहे की वायर उंदराने कुरतडली, हे वेगळं कळावं म्हणून रिकाम्या टाकीलाही चार दिले. ही असली शहाणी योजना पाहिली की मला जुन्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या पाया पडावंसं वाटतं. तसंच वॉल्व्हचं. हवा गेली तर वाफेचा वॉल्व्ह स्प्रिंगने बंद झाला पाहिजे आणि थंड पाण्याचा उघडला पाहिजे. म्हणजे सगळंच बिघडलं तरी बिघाड बऱ्या बाजूला पडावा.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी बडोद्याजवळच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात आमच्या कंपनीने पडदे आणि अलार्म सुधारायचं काम घेतलं होतं. तिथे एक बॅच रिअॅक्टर होता. साधं वर्णन करायचं तर झाकण लावलेलं भलंमोठं पातेलं, आत ढवळणी, बाहेरून दुसरं पातेलं, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीतून थंड पाणी. याला जॅकेट म्हणतात. एक रसायन आधी भरून घ्यायचं, दुसरं काही तास हळूहळू सोडत राहायचं. दोघं भेटली की उष्णता निघते आणि जॅकेटमधलं पाणी ती घेऊन जातं.

हळूहळू सोडायचं कारण महत्त्वाचं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ अंदाज आहे. म्हणजे उष्णता चक्रवाढ व्याजासारखी वाढते. पाण्याची ती ओढून नेण्याची ताकद मात्र सरळ व्याजाने वाढते. एका ठरावीक जागेपर्यंत पाणी जिंकतं. त्यापुढे गेलं की कितीही पाणी सोडा, ते पुरत नाही. मात्र दुसरं रसायन थेंबाथेंबाने येत असेल आणि आल्या आल्या संपत असेल, तर आत फार साठा कधीच नसतो. पाणी गेलं तर सोडणं थांबवायचं, की उष्णतेचा पुरवठाच तुटला. म्हणून तिथे एक इंटरलॉक होता: जॅकेटच्या पाण्याचा प्रवाह ४० टक्क्यांच्या खाली गेला की डोसिंग पंप आपोआप बंद.

या पाण्याच्या प्रवाहाचा आकडा पडद्यावर सारखा नाचायचा. ७८, ८१, ७६, ८०. आलेखावरची रेषा थरथरायची. वर ७५ टक्क्यांवर एक सूचना देणारा अलार्म लावलेला होता, तो दिवसातून शंभर वेळा यायचा आणि जायचा. कंट्रोल रूममधलं कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. न बघता बटण दाबून गप्प करायचे, डास मारावा तसं. मी नवी, उत्साही. संकेताला फिल्टर लावला. एका मिनिटाचा. म्हणजे येणारा प्रत्येक नवा आकडा जसाच्या तसा न घेता आधीच्या आकड्यांत मुरवत घ्यायचा. रेषा रेशमासारखी झाली. अलार्म गप्प. साहेबांनी पाठ थोपटली.

तीन-चार दिवसांनी सेकंड शिफ्टला पॅनलवर एक जुने गुजराती काका होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "बेन, आ लाइन केम मरी गई?"

रेषा मेली? मी हसून सांगितलं, काका, मेली नाही, नीट झाली. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, बोलून उपयोग नाही म्हणून.

ते काय विचारत होते ते मला तेव्हा कळलं नाही. प्रवाह मोजणारं ते यंत्र पाइपातल्या एका छिद्राच्या चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक बघतं. तो दाब यंत्रापर्यंत दोन बारीक नळ्यांतून येतो. पाणी वाहत असतं तेव्हा त्यात खळबळ असते, म्हणून आकडा थरथरतो. नळ्यांत गाळ बसून त्या तुंबल्या की दाब आतच अडकतो आणि आकडा आहे तिथे थिजतो, पाइपात पाणी असो वा नसो. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं बघून त्यांनी एवढं ठरवलं होतं की थरथरणारी रेषा जिवंत आणि सरळ रेषा संशयास्पद. मी त्यांच्या हाताखालची नाडीच काढून घेतली होती.

पुढच्या महिन्यात एका रात्री थंड पाण्याचा पंप ट्रिप झाला. पाइपातलं पाणी काही सेकंदांत थांबलं. पडद्यावरचा आकडा मात्र माझ्या फिल्टरमुळे सावकाश, जिना उतरल्यासारखा उतरू लागला. हिशेब सोपा आहे, मी नंतर कागदावर केला: एका मिनिटाचा फिल्टर असेल आणि प्रवाह ८० वरून एकदम शून्यावर आला, तर पडद्यावर ४० दिसायला साधारण ४२ सेकंद लागतात. इंटरलॉकही त्याच मुरवलेल्या आकड्यावर बेतलेला होता, म्हणून तोही तेवढाच थांबला. त्या वेळात डोसिंग पंप इमाने इतबारे रसायन सोडत राहिला.

इंटरलॉकच्या आधी माणूस पोचला. खाली फिरणाऱ्या फिल्ड ऑपरेटरला पंपाचा आवाज बंद झालेला ऐकू आला, त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, आणि पॅनलवर त्या रात्री तेच काका होते. त्यांनी पडद्यावर ६० दिसत असतानाही क्षणभर विचार न करता डोसिंग हाताने बंद केलं. जोडीचा पंप चालू झाला. तापमान चार अंश वर जाऊन परत आलं. कुणाला खरचटलंही नाही. त्या रिअॅक्टरसाठी पाऊण मिनिट हा काही जीवघेणा उशीर नव्हता. दुसऱ्या एखाद्यासाठी असू शकला असता, आणि मी फिल्टर लावताना तो कोणता रिअॅक्टर आहे हे विचारलंच नव्हतं.

चौकशीत मला विचारलं, बदलाची नोंद कुठे आहे? नव्हती. वॉल्व्ह बदलला असता तर सहा सह्यांचा फॉर्म भरला असता. पण हा तर 'फक्त डिस्प्ले' होता. सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी हा शब्द फार असतो, माझ्याही होता.

यानंतर मी अपघातांचे अहवाल वाचायला लागले. ते वाचताना झोप उडते, पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सस सिटीच्या रिफायनरीत १५ माणसं मेली आणि १८० जखमी झाली. एक १७० फूट उंच मनोरा बंद ठेवल्यानंतर पुन्हा सुरू करत होते. त्यात तळाशी काही फूटच द्रव असायला हवा. पातळी मोजणारं यंत्र तळापासून जेमतेम नऊ फुटांपर्यंतच बघू शकायचं. द्रव त्याच्या वर गेला, जातच राहिला, आणि ऑपरेटरला आकडा दिसत होता मर्यादेतला; वर तो हळूहळू उतरताना दिसत होता! कारण यंत्र द्रवात बुडवलेल्या दांड्याचं तरंगणं मोजत होतं. दांडा पूर्ण बुडल्यावर पातळी वाढली तरी त्याला कळणार नाही. उलट द्रव तापून हलका होत गेला, त्याचं उचलणं कमी झालं, आणि यंत्राने त्याचा अर्थ पातळी घटते आहे असा लावला. प्रत्यक्षात द्रव दीडशे फुटांच्या वर पोचला होता. जास्त पातळीचा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. बाहेरून बघायची काच मळलेली होती. शेवटी वरून ओतू गेलेलं इंधन जुन्या पद्धतीच्या एका उघड्या धुराड्यातून बाहेर उसळलं आणि पेटलं.

माझ्या काळजाला लागली ती अहवालातली दुसरीच गोष्ट. मनोऱ्यात किती येतं आहे आणि किती बाहेर जातं आहे, हे दोन आकडे वेगवेगळ्या पडद्यांवर होते. बाहेर जाणारा वॉल्व्ह तासन् तास बंद होता. दोन्ही आकडे शेजारी असते तर शाळेतल्या मुलालाही कळलं असतं: हौदात पाणी येतंय, जात नाहीये, मग हौद भरणार. पडदा आखणाऱ्याने दोष कुठे केला होता? कुठेच नाही, दोन नीटनेटके पडदे केले होते. ऑपरेटरही महिनाभर सुट्टीशिवाय बारा बारा तासांच्या शिफ्ट करत होता, हेही त्याच अहवालात आहे. आपल्याकडे 'ओटी' कौतुकाने मोजणाऱ्यांनी ते वाचावं.

उलटं टोक म्हणजे वेल्समधलं मिलफर्ड हेवन, २४ जुलै १९९४. सकाळी वीज पडून रिफायनरीत गडबड झाली, आणि काही तासांनी स्फोट. पडद्यावर उघडा दिसणारा एक वॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता. शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. म्हणजे अडीच सेकंदांना एक. त्यांतले बहुतेक 'अतिमहत्त्वाचे' म्हणून लावलेले. सगळं लग्नघर एकाच वेळी भटजींना हाका मारू लागलं तर त्यांनी कुणाचं ऐकायचं? यातून पुढे इंग्लंडमध्ये १९९९ साली अलार्मबद्दलची एक मार्गदर्शिका निघाली. शांत दिवशी एका ऑपरेटरला दहा मिनिटांत साधारण एकच अलार्म यावा, असं ती सांगते. माझा दिवसाला शंभर वेळा येणारा अलार्म गप्प करायला हवा होता, हे बरोबरच होतं. चुकली ती रीत. अलार्म आला की तो जायला आकडा थोडा जास्त वर चढावा अशी सैल द्यायची, किंवा काही सेकंद सतत खाली राहिला तरच वाजवायचा, किंवा मुळात ७५ वर त्याची गरज आहे का हेच विचारायचं. त्याला हात लावायचा होता. मी जखमेऐवजी थर्मामीटरला पट्टी बांधली.

त्या रात्रीबद्दल बाबांना सांगायला मला आठवडा लागला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, आमच्या वेळी शाईची रेघ फार सरळ यायला लागली की मी पहिल्यांदा काचेवर टिचकी मारायचो. पेन अडकलंय का बघायला. नाही हललं तर खाली फिल्डला जाऊन पाइपाला हात लावायचो." मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? "तू विचारलंस कधी? तू मला पडद्याचे रंग दाखवत होतीस."

खरं होतं. ज्याच्यासाठी मी पडदा बनवत होते, तो माणूस तीस वर्षं आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसत होता. एवढं विचारायचं राहून गेलं होतं की रात्री अडीच वाजता तुम्ही आधी कुठे बघता.

हल्ली मी नव्या जागी गेले की पहिले दोन दिवस कॉम्प्युटर उघडत नाही. शिफ्टबरोबर बसते, चहा पिते, कोण कुठल्या आकड्याकडे कशासाठी बघतं ते वहीत लिहिते. साहेबांना वाटतं वेळ काढतेय. काही वेळा ऑपरेटरचं चूकही असतं. एका ठिकाणी सगळे एका जुन्या गेजवर श्रद्धा ठेवून होते आणि तो गेज कधीचाच मेलेला होता. पण ती श्रद्धा का आहे हे कळल्याशिवाय गेज काढण्यात अर्थ नसतो.

त्या कारखान्यात फिल्टर एका मिनिटावरून दोन सेकंदांवर आणला. इंटरलॉकसाठी पाण्याच्या पाइपावर वेगळा फ्लो स्विच बसवला, माझ्या आकड्याशी काही संबंध नसलेला. त्यासाठी फॉर्म भरला, सह्या घेतल्या. आलेखावर दोन रेषा ठेवल्या: एक मुरवलेली, निळी, दुसरी यंत्रातून येते तशी, पिवळी, थरथरणारी. काम संपलं त्या दिवशी पुन्हा तेच काका सेकंड शिफ्टला होते. मी विचारलं, काका, निळी काढून टाकू का? तुम्हाला तर पिवळीच लागते.

त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही रेषा पाहिल्या. राहू दे, म्हणाले, वडोदऱ्याहून साहेब लोक येतात तेव्हा त्यांना दाखवायला बरी आहे.